निळ्या-पांढऱ्या शाही चिनी फुलदाणीची पारख : बुडापासून राजमुद्रेपर्यंत

ऑक्टोबर २०२२ मध्ये पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो येथील एका लिलावात, ढग आणि ड्रॅगन यांची निळी चित्रे असलेली, गोलाकार पोटाची आणि उंच गळ्याची एक चिनी फुलदाणी विक्रीला आली. लिलावगृहाच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवून तिची किंमत दोन हजार युरोंपर्यंत धरली होती. प्रत्यक्षात बोली ७७ लाख युरोंवर जाऊन थांबली, आणि एवढे होऊनही तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला. अशी बातमी वाचली की अनेकांना आपल्या घरातली जुनी फुलदाणी आठवते. या घटनेतून घेण्यासारखा बोध मात्र वेगळा आहे. एकच वस्तू हातात घेऊन जाणकारांची मते इतकी दूर जाऊ शकत असतील, तर एका खुणेवर, एका छायाचित्रावर किंवा विक्रेत्याच्या एका वाक्यावर विसंबून निर्णय घेणे किती धोक्याचे आहे, हे त्यातून दिसते. त्यामुळे पारख ठरावीक क्रमाने करावी, आणि बहुतेक लोक जिथून सुरुवात करतात ती बुडाखालची राजमुद्रा (सम्राटाच्या राज्यकाळाचे नाव सांगणारी लिखित खूण) त्या क्रमात जवळजवळ शेवटी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी प्रश्न वेगळे करावेत

फुलदाणी जुनी आहे का, ती कोणत्या राज्यकाळातली आहे, ती सम्राटाच्या भट्टीत घडली का, आणि ती अभंग आहे का, हे चार स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळाले असे होत नाही. तीनशे वर्षे जुनी असूनही शाही नसलेली भांडी जगात विपुल आहेत, कारण जियांगशी प्रांतातल्या जिंगदेझेन या एकाच नगरात शाही भट्टीच्या जोडीने खासगी भट्ट्या मोठ्या संख्येने चालत आणि त्यांचा माल पश्चिम आशिया, आग्नेय आशिया, युरोप आणि भारत येथे जात असे.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गोव्यातल्या जुन्या वाड्यांत पोर्तुगीज व्यापाराच्या ओघात मकावमार्गे आलेली चिनी भांडी आजही आढळतात, आणि चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या पारशी घराण्यांकडेही ती होती. हा ठेवा मोलाचा आहे, परंतु तो बहुतांशी निर्यातीसाठी बनवलेला माल आहे. त्याला ‘शाही’ म्हटल्याने त्याचा मान वाढत नाही. उलट त्याचा खरा इतिहास झाकला जातो.

शाही भट्टीचे वेगळेपण तिच्या कठोर निवडीत होते. नमुने दरबाराकडून येत, माती आणि रंग उत्तम प्रतीचे वापरले जात, आणि मिंग राजघराण्याच्या काळाच्या (१३६८–१६४४) पूर्वार्धात दरबाराच्या कसोटीला न उतरलेली भांडी बाहेर जाऊ नयेत म्हणून ती फोडून पुरली जात. जिंगदेझेनमधील झूशान या जागी १९८० च्या दशकापासून झालेल्या उत्खननांत अशा तुकड्यांचे ढीग सापडले आणि त्यांतून अनेक भांडी पुन्हा जोडली गेली. आपल्या हातातल्या वस्तूत रेखाटनाचा ढिसाळपणा, तोल गेलेला आकार किंवा अस्वच्छ झिलई (वरचा काचेसारखा लेप) दिसली, तर वस्तू जुनी असली तरी शाहीपणाचा दावा तिथेच दुबळा होतो.

पहिली पायरी : हाताळण्याची तयारी

टेबलावर जाड, मऊ कापड अंथरावे. अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत. गुळगुळीत झिलईवर सुती हातमोजे घसरतात, म्हणून ते वापरू नयेत. फुलदाणी कधीही गळ्याला किंवा कानांना धरून उचलू नये, कारण जुने जोड आणि जुनी डागडुजी नेमकी तिथेच असते. एक हात बुडाखाली आणि दुसरा पोटाला देऊनच ती उचलावी, आणि बूड पाहायचे असेल तेव्हा ती कापडावर आडवी निजवावी. जवळ जवाहिऱ्यांचे दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान बॅटरी, मोजपट्टी आणि वजनकाटा असावा. उंची, तोंडाचा व बुडाचा व्यास आणि वजन यांची नोंद सुरुवातीलाच करावी. पुढे संग्रहालयातल्या किंवा जुन्या लिलावसूचीतल्या नमुन्याशी तुलना करताना हेच आकडे उपयोगी पडतात.

दुसरी पायरी : आकार

शाही फुलदाण्यांचे आकार मनमानी नव्हते. रुंद खांदे, आखूड गळा आणि खाली निमुळते होत जाणारे अंग असलेली ‘मेइपिंग’, नासपतीच्या आकाराची आणि बाहेर वळलेल्या ओठाची ‘यूहूचुनपिंग’, गोल पोटाची ‘त्येनच्यूपिंग’ आणि दोन्ही बाजूंनी चपटी ‘चंद्रकुपी’ हे त्यांतले प्रमुख प्रकार. चंद्रकुपीसारखे काही आकार पश्चिम आशियातल्या भांड्यांवरून चीनमध्ये आले आणि योंगल (१४०३–१४२४) व श्वेनद (१४२६–१४३५) या मिंग राज्यकाळांत ते दरबारात रुजले.

त्याच आकाराचे एखाद्या मोठ्या संग्रहालयातले नमुने आणि आपली वस्तू यांची प्रमाणे शेजारी ठेवून पाहावीत. नक्कल करणारा बहुधा छायाचित्रावरून काम करतो, त्यामुळे समोरून दिसणारी रेषा त्याला साधते, पण खांद्याचा भार, गळ्याची जाडी आणि बुडाचा व्यास यांत तो चुकतो. काही आकार विशिष्ट काळाआधी मिळतच नाहीत. मुद्रा मिंगची आणि आकार त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या (१६४४–१९१२) काळातला असेल, तर तपासणी त्याच क्षणी पुष्कळ सोपी होते.

तिसरी पायरी : बूड आणि घडण

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. चित्र आणि झिलई यांमागे नक्कल करणाऱ्याने आपली सारी कला पणाला लावलेली असते. बुडाची उघडी माती मात्र फारसे काही लपवू शकत नाही.

चिनी पोर्सेलिन दोन घटकांपासून बनते. एक म्हणजे जिंगदेझेनजवळच्या गावलिंग टेकडीवरून नाव मिळालेली केओलिन माती, आणि दुसरा ‘बायदुनझी’ नावाने विटांच्या रूपात येणारा दळलेला दगड. सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानाला हे मिश्रण काचेसारखे एकजीव होते. बुडाखालच्या गोल कडेवर झिलई नसते, कारण तिथे भांडे भट्टीत टेकलेले असते. त्या उघड्या कडेवर मातीचा कण बारीक आणि घट्ट आहे की भरड, हे भिंगातून पाहावे आणि बोटाने हलकेच चाचपावे. युआन (मिंगच्या आधीचे घराणे, १२७१–१३६८) आणि आरंभीच्या मिंग काळातल्या मोठ्या फुलदाण्यांचे संपूर्ण बूडच अनेकदा झिलईविना सोडलेले असते. योंगल आणि श्वेनद काळात ते स्पर्शाला विलक्षण गुळगुळीत लागते, तर युआन काळात त्याहून खरबरीत. झिलई जिथे संपते तिथे मातीतल्या लोहामुळे फिकट नारिंगी छटा उमटलेली दिसते. ही छटा मातीतून वर आलेली असली की तिची कड विरत जाते; वरून लावलेली असली की ती एकसारखी आणि ठिपक्याठिपक्यांनी बसलेली दिसते. छिंग घराण्यातल्या योंगझेंग (१७२३–१७३५) आणि च्येनलोंग (१७३६–१७९५) या काळांत बुडाची कड इतकी सफाईने गोल केलेली असते की चिनी जाणकार तिला एका निसरड्या माशाच्या पाठीची उपमा देतात.

बुडानंतर आतला भाग. मोठी फुलदाणी चाकावर एका दमात घडवता येत नाही. खालचा भाग, वरचा भाग आणि गळा वेगवेगळे घडवून पातळ मातीने जोडले जातात. बॅटरी आत सोडून पाहिले, किंवा तोंड रुंद असल्यास बोट फिरवले, तर हे आडवे जोड उंचवट्यासारखे जाणवतात. बाहेरूनही तिरप्या उजेडात पोटावर कधी कधी हलकी कड दिसते. आतली भिंत बाहेरच्या वळणाशी तंतोतंत जुळणारी, सर्वत्र एकाच जाडीची आणि चाकाच्या किंवा जोडाच्या कोणत्याही खुणेविना असेल, तर ती पातळ माती साच्यात ओतून बनवलेली असण्याची दाट शक्यता असते, आणि तसे असेल तर ती अलीकडची आहे.

वापराच्या खुणाही इथेच तपासाव्यात. खऱ्या वापराने पडलेले ओरखडे निरनिराळ्या लांबीचे आणि निरनिराळ्या दिशांचे असतात, आणि ते मुख्यतः बुडाच्या कडेवर आणि पोटाच्या सर्वात फुगीर भागावर असतात. कृत्रिम झीज बहुधा एकाच दिशेची आणि जिथे कधी काही घासले जाणार नाही अशा जागीही आढळते. कडेच्या खाचांत भरलेली माती किंवा चहासारखा तपकिरी डाग हा जुनेपणाचा पुरावा मानू नये. ओल्या कापसाने पुसल्यावर तो निघून गेला, तर तो मुद्दाम लावलेला असण्याची शंका धरावी.

चौथी पायरी : झिलई आणि निळा रंग

निळी नक्षी कच्च्या भांड्यावर कोबाल्ट या धातूपासून मिळणाऱ्या रंगाने काढतात, तिच्यावर पारदर्शक झिलई देतात आणि मग भांडे एकदाच भाजतात. त्यामुळे रंग झिलईच्या खाली असतो आणि नखाला अजिबात लागत नाही. झिलई पाहताना खिडकीजवळ उभे राहून प्रकाशाचे प्रतिबिंब तिच्यावर कसे पडते ते पाहावे. जुन्या झिलईत प्रतिबिंबाची कड किंचित लहरते आणि काही काळांतल्या भांड्यांवर संत्र्याच्या सालीसारखा सूक्ष्म खडबडीतपणा दिसतो. चमक कमी करून वस्तू जुनी भासवण्यासाठी आम्ल वापरतात. तसे केले असेल तर भिंगातून पृष्ठभाग कुरतडल्यासारखा दिसतो.

निळ्या रंगाची गोष्ट अधिक समृद्ध आहे. युआन काळात आणि योंगल–श्वेनद काळात पश्चिम आशियातून, मुख्यत्वे इराणकडून आलेला कोबाल्ट वापरला गेला. त्यात लोह जास्त आणि मँगनीज कमी असे. रंग जिथे दाट बसला तिथे लोह वर येऊन काळपट ठिपके पडत आणि ते झिलईत रुतून बसत. भिंगातून पाहिले असता त्या जागी पृष्ठभाग किंचित खचलेला आणि धातूसारखी मंद चकाकी असलेला दिसतो. अठराव्या शतकात, विशेषतः च्येनलोंग काळात, पूर्वजांच्या या रंगाची आदराने नक्कल केली गेली. तोवर कोबाल्ट अधिक शुद्ध झालेला असल्याने ठिपके आपोआप पडत नव्हते, म्हणून चित्रकार कुंचल्याने मुद्दाम ठिपके देत असत. सम्राटाच्याच भट्टीत, सम्राटाच्याच इच्छेने झालेली ही नक्कल आहे, आणि ती आज स्वतंत्रपणे अतिशय मौल्यवान मानली जाते. दोन्हींतला फरक डोळ्यांना शिकवणे हा या विषयातला सर्वात आनंदाचा भाग आहे, असे मी मानतो. पहिल्यात ठिपके रंगाच्या दाटीबरोबर आपोआप येतात. दुसऱ्यात ते पाकळीच्या किंवा ढगाच्या आत रचल्यासारखे बसतात.

मधल्या काळात रंग बदलत गेला. छेंगह्वा (१४६५–१४८७) काळात देशी कोबाल्टमुळे निळा फिकट आणि मृदू झाला. ज्याजिंग (१५२२–१५६६) काळात त्यात जांभळी झाक आली. कांगशी (१६६२–१७२२) काळात तो नीलमण्यासारखा स्वच्छ झाला आणि चित्रकार एकाच रंगाच्या अनेक छटा एकावर एक देऊन डोंगरांना खोली आणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रासायनिक शुद्धीकरण केलेला कोबाल्ट पसरला. तो भडक, सपाट आणि सर्वत्र एकसारखा दिसतो. नक्षी छापील असेल तर भिंगातून बारीक बिंदूंची जाळी किंवा छापाचे कागद जिथे जुळले नाहीत तिथे नक्षीचा तुटलेला सांधा दिसतो, आणि मग पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही.

रेषेचा जिवंतपणा शब्दांत सांगणे कठीण आहे, पण शिकणे शक्य आहे. शाही चित्रकाराची रेषा न थांबता चालते आणि वळणावर तिची जाडी स्वाभाविकपणे बदलते. नक्कल करणारा मूळ चित्र पाहत पाहत काढतो, त्यामुळे त्याची रेषा जागोजागी अडखळते. ड्रॅगनचे पंजे, खवले आणि डोळे यांवर हे चटकन लक्षात येते. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचे चिन्ह मानला जात असला, तरी नखे मोजून निर्णय घेऊ नये. नकलेत पाच नखे काढायला काहीच अडचण नसते.

पाचवी पायरी : राजमुद्रा

इथवर जमा झालेले पुरावे ज्या काळाकडे बोट दाखवतात, तो कागदावर लिहून ठेवावा आणि त्यानंतरच मुद्रा पाहावी. मुद्रा आधी पाहिली की मन तिच्या बाजूने पुरावे गोळा करू लागते.

नेहमीची मुद्रा सहा अक्षरांची असते. ‘दा मिंग श्वेन द न्येन झी’ म्हणजे महान मिंग घराण्यातील श्वेनद राज्यकाळात बनवलेले. अक्षरे उभ्या ओळींत वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. मिंग काळात ती साध्या लेखनशैलीत असतात. च्येनलोंग काळात मुद्राक्षरांच्या चौकोनी शैलीत, बहुधा तीन ओळींत दोन-दोन अशी. श्वेनद काळात मुद्रा बुडाखालीच असेल असे नाही. ती फुलदाणीच्या खांद्यावर किंवा तोंडाखाली आडवीही लिहिलेली असते, आणि तिच्या चौथ्या अक्षरातली एक लहान आडवी रेषा बहुधा गाळलेली असते. अशा तपशिलांचा उपयोग वस्तू बाद करण्यासाठी करावा, स्वीकारण्यासाठी नव्हे, कारण नक्कल करणाऱ्यांनाही ते ठाऊक असतात.

मुद्रेवर विसंबता येत नाही याचे कारण फसवणूक एवढेच नाही. पूर्वजांच्या राज्यकाळाचे नाव आदराने लिहिण्याची रीत चीनमध्ये होती. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर चालू सम्राटाचे नाव घालण्यास मनाई केली, त्यामुळे कांगशी काळातल्या अनेक उत्तम भांड्यांवर नुसती दुहेरी वर्तुळे, एखादे पान किंवा छेंगह्वासारख्या जुन्या सम्राटाचे नाव दिसते. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांगशीची मुद्रा असलेली भांडी मोठ्या प्रमाणावर बनली. उलट, १३५१ हे साल लिहिलेली, हत्तीच्या मस्तकाचे कान असलेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली फुलदाण्यांची जोडी मंदिराला अर्पण केलेली आहे. तिच्यावर राजमुद्रा नाही, तिच्यावर आहे तो अर्पणलेख. आणि युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा काळ ठरवण्यासाठी जगभरचे अभ्यासक तिचाच आधार घेतात.

सहावी पायरी : डागडुजी शोधणे

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली फुलदाणी सावकाश फिरवावी. मूळ झिलई आणि नंतर लावलेला रंग किंवा राळ यांची चमक वेगळी दिसते. नखाने हलकेच टिचकी मारल्यावर अभंग भांडे खणखणते, तडा असेल तर आवाज बसका येतो. मात्र अरुंद गळ्याच्या जाड फुलदाणीत हा फरक स्पष्ट होत नाही. ओठ घासून खाली आणलेला आहे का, गळा कापलेला आहे का आणि दिव्याचे स्टँड करण्यासाठी बुडाला भोक पाडले आहे का, हे पाहण्यास विसरू नये. पाश्चात्त्य घरांत गेल्या शतकात अनेक चांगल्या फुलदाण्यांचे असे दिवे झाले.

सातवी पायरी : कागदपत्रे आणि प्रयोगशाळा

वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी म्हणजे जुन्या पावत्या, विम्याचे कागद, घरातली जुनी छायाचित्रे आणि बुडाला चिकटवलेल्या संग्रहाच्या किंवा लिलावाच्या चिठ्ठ्या. यांतली एकही चिठ्ठी काढू किंवा धुऊ नये. ब्रिटिश-भारतीय फौजा १८६० आणि १९०० या दोन्ही वेळी चीनमध्ये लढल्या, म्हणून ‘पणजोबांनी पेकिंगच्या राजवाड्यातून आणली’ ही कहाणी अशक्य नाही. मात्र सेवेची नोंद, पत्र किंवा छायाचित्र यांच्या आधाराशिवाय तिला मोल देऊ नये.

प्रयोगशाळेतल्या तपासण्या दोन प्रकारच्या आहेत. उष्मादीप्ती चाचणीत बुडाजवळून लहान छिद्र पाडून नमुना घेतात आणि माती शेवटची कधी भाजली गेली याचा अंदाज बांधतात. ती उपयुक्त आहे, परंतु नमुना जिथून घेतला तेवढ्याच भागाविषयी ती बोलते. जुन्या भांड्याचे बूड नव्या अंगाला जोडून, किंवा वस्तूवर किरणांचा कृत्रिम मारा करून तिला चकवण्याचे प्रयत्न होतात. क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणीत छिद्र पाडावे लागत नाही. कोबाल्टमधील लोह आणि मँगनीज यांचे प्रमाण तीत कळते आणि वर सांगितलेल्या काळांशी ते जुळते का हे पाहता येते. माझ्या मते ही दुसरी चाचणी आधी करावी, आणि छिद्र पाडण्याचा निर्णय जाणकाराने वस्तू हातात घेऊन पाहिल्यानंतरच घ्यावा. त्याला आधी छायाचित्रे पाठवायची असल्यास चारही बाजू, तोंडाचा आतला भाग, संपूर्ण बूड, कडेचा जवळून टिपलेला भाग आणि मुद्रा दिवसाच्या उजेडात, फ्लॅशविना टिपावीत.

डोळा तयार करण्यासाठी लांब जायला नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या संग्रहातील चिनी भांडी आहेत, आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही चिनी पोर्सेलिनचे दालन आहे. लंडनला जाणाऱ्यांनी ब्रिटिश म्युझियममधील चिनी भांड्यांच्या पर्सिव्हल डेव्हिड संग्रहासाठी एक पूर्ण दिवस ठेवावा.

विक्री, परदेश आणि सांभाळ

भारतात असलेल्या वस्तूला पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होतो. शंभर किंवा अधिक वर्षे जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ती परदेशात घडलेली असली म्हणून आपण मोकळे आहोत असे गृहीत धरू नये. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो. वस्तू नवी आहे असे वाटत असेल, तरीही परदेशी नेण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. परदेशातल्या लिलावगृहाला फुलदाणी पाठवण्याचे आश्वासन देण्याआधी हे काम उरकावे.

घरी ठेवताना खिडकीचा कट्टा टाळावा. जानेवारी २००६ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये जिन्यावरून घसरलेल्या एका पाहुण्याचा धक्का लागून खिडकीच्या कट्ट्यावरच्या तीन छिंग फुलदाण्यांचे शेकडो तुकडे झाले आणि त्या मोठ्या कष्टाने जोडाव्या लागल्या. फुलदाणी भिंतीला लागून असलेल्या जड कपाटावर, मागच्या बाजूला ठेवावी. उंच आणि वरून जड असेल तर आत कापडी पिशवीत थोडी वाळू घालावी. पावसाळ्यातला दमटपणा पोर्सेलिनला इजा करत नाही, मात्र जुन्या डागडुजीतला गोंद त्याने सैल होऊ शकतो. तिच्यात पाणी आणि फुले ठेवू नयेत. पुसण्यास मऊ कोरडा कुंचला पुरतो. डागडुजी नसल्याची खात्री असेल तरच कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाने ती हलकेच पुसावी, आणि ब्लीच, गरम पाणी किंवा भांडी घासण्याची पावडर तिच्या जवळही नेऊ नये.